रॉबर फ्लाय, पंखांच्या रेघा आणि माझे वाया गेलेले दोन महिने

"फोटो छान आहे, पण यावरून सांगता येणार नाही." गेल्या पावसाळ्याच्या शेवटी हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की फोन वाजला तरी बघायची इच्छा राहिली नव्हती.

झालं असं की पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सुकलेल्या काडीवर एक मोठी केसाळ माशी बसलेली दिसली, पायात मधमाशी धरून. क्लिपवाला मॅक्रो लेन्स लावून वरून फोटो काढला, मागचं सगळं मस्त ब्लर, मी एकदम खूश. कीटक ओळखायच्या एका साईटवर फोटो टाकला तर साईटने आपोआप एक नाव सुचवलं आणि मी पण बिनधास्त ओके केलं. दुसऱ्या दिवशी कळलं की ती जात उत्तर अमेरिकेतली आहे. म्हणजे पहिली माती मीच खाल्ली.

रॉबर फ्लाय, म्हणजे दुसरे कीटक पकडून खाणारी शिकारी माशी, आहे इथपर्यंत काही अडलं नाही. दोन डोळ्यांच्या मधे डोक्यावर खड्डा, तोंडावर राठ मिशा, पंखांची एकच जोडी आणि मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढे दोन गोळे. हा डोक्यावरचा खड्डा समोरून बघितला ना की परत कधी चुकत नाही, मधमाशीसारखी दिसणारी असली तरी.

पण त्याच्या पुढे? जगात या कुटुंबाच्या सात हजारांहून जास्त जाती आहेत आणि माझी माशी दोन महिने नुसती 'रॉबर फ्लाय' म्हणून पडून. साईटवर एक सर उत्तर द्यायचे, जाणकार माणूस, पण दर वेळी आठवड्याने एक ओळ. आधी म्हणाले पंखाच्या शिरा दिसत नाहीत. मी तोच फोटो क्रॉप करून, ब्राइटनेस वाढवून टाकला. मग म्हणाले पंख एकावर एक आहेत, दोन्हींच्या शिरा मिसळल्यात. आता ही बया बसतेच तशी, पाठीवर पंख मिटून, मी काय तिला विनंती करू? मग म्हणाले अँटेना पण बघायला हवी, टोकाला कंगव्यासारखे केस असतील तर ओमॅटिअस, म्हणजे रॉबर फ्लायमधलाच जवळच्या जातींचा एक गट. अहो, मग हे पहिल्याच दिवशी एकदम सांगायचं ना! आठ-दहा चकरा मारल्या टेकडीवर, आई रोज विचारायची, "अरे, माशीच आहे ना ती? घरात कमी आहेत का?"

त्यांना नक्की काय बघायचं होतं ते मला शेवटी आकृत्या बघून समजलं. पंखाच्या टोकाकडे, पुढच्या कडेला शिरांमुळे कप्पे पडतात, सबमार्जिनल सेल म्हणतात. प्रोमॅकस (असाच दुसरा गट) असेल तर ते तीन, आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बऱ्याच माश्यांत दोनच. एका आडव्या शिरेवर सगळा खेळ, आणि माझ्या चाळीस फोटोंत नेमकी तीच शीर दुसऱ्या पंखाखाली.

सुटलं कसं तर, या माश्या उडून हवेत शिकार पकडतात आणि बऱ्याचदा परत त्याच काडीवर येऊन बसतात. त्यामुळे मागे पळू नका, काडीजवळ गप्प बसून राहा. मी सकाळी सातला गेलो, ऊन चढायच्या आधी त्या सुस्त असतात, अगदी हातभर अंतरावर जाता येतं. सावली मात्र तिच्यावर पडू देऊ नका, डोळे तिखट आहेत तिचे. थोडं ऊन आल्यावर ती कसलासा भुंगा घेऊन आली, बसताना पंख जरा फाकले आणि उजेड पलीकडून असल्यामुळे शिरा काचेवर पेनाने काढल्यासारख्या दिसल्या. तिथेच बसून मोजल्या. तीन! मी जोरात ओरडलो, जॉगिंगवाले काका दचकून थांबले.

त्याच दिवशी नाव आलं, प्रोमॅकस. अँटेनाचं टोकही साधं निघालं, केस नाहीत.

हो, एक राहिलं, चिमटीत पकडून फोटो काढायच्या भानगडीत पडू नका, सोंड टोचते आणि चांगलीच दुखते. भक्ष्यात लाळ सोडून आतलं पातळ करून पिणारी सोंड आहे ती. आणि वरून एकच सुंदर फोटो काढण्यापेक्षा पाच साधे काढा: समोरून तोंड, बाजूने पूर्ण, एक पंख सुटा, पायांचा रंग, शेपटीचं टोक.

शेपटीचं यासाठी की गटाच्या आतली नेमकी जात ठरवायला नराच्या शेपटीची रचना लागते, प्रोमॅकसच्या काही जातींत तर नराला तिथे पांढऱ्या केसांचा झुपकाच असतो. माझी मादी निघाली. सरांची ओळ आलीच, "नर मिळाला तर पुढे बघू." या रविवारी परत टेकडीवर जातोय, आईला अजून सांगितलं नाहीये.