अक्षता आणि १/६० चं शटर

मागच्या वर्षी सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा मी १/२००० सेकंदाच्या शटरला काढला. पक्ष्यांमागे फिरून लागलेली खोड, दुसरं काय. लग्नाच्या संमतीचं 'सत्यम सत्यम' म्हणून झालं, ते जिथं म्हणतात त्या संमती कट्ट्याभोवतीच्या सगळ्या गर्दीचे हात एकदम वर गेले आणि मी खटाखट फ्रेमा मारल्या. घरी मोठ्या स्क्रीनवर बघतो तर हवेतला एकेक दाणा गोठलेला. ज्याला फोटो दाखवला त्यानं एकच विचारलं, "लेन्सवर घाण होती का बे?"

ते वर्षभर डोक्यात होतं. म्हणून यंदाची नोंद हळू शटरची आहे. सामान तेच: क्रॉप (लहान) सेन्सरची बॉडी, सोबत आलेली १८-५५ लेन्स, लांबच्यासाठी सेकंडहँड ७०-३००. नवीन फक्त एक तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड आठपट कमी करणारी काळपट काच.

हळू शटर शिकलो ते मात्र यात्रेत नाही, पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात. कारखाना मित्राच्या मामांचा. पावसाळ्यात चार रविवार तिथं गेलो. पहिल्या दिवशी १/५०० वर काढलेल्या फोटोंत आडवे काळपट पट्टे आले, एक फ्रेम उजळ तर दुसरी पिवळट. ट्यूबलाइटचा प्रताप. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की तो झटका पूर्ण पकडला जातो आणि पट्टे जातात. म्हणजे १/५० मी निवडलं नाही, ट्यूबनं निवडायला लावलं.

आणि मग फोटो दिसायला लागला. १/५० ला धोटा दिसतच नाही, ताण्यातून गेलेली एक पांढरी रेघ तेवढी उरते. वर जेकार्डची, म्हणजे नक्षी ठरवणारी, भोकं पाडलेली कार्डं एकामागून एक उलटत असतात, ती पुसट होतात. स्थिर राहतं ते फक्त माणूस. एकदा सुताची तार तुटली तसा मामांनी माग थांबवला. दोन्ही टोकं चिमटीत धरली, अंगठा जिभेला लावला, बोटं एकदा फिरली आणि गाठ बसली. उरलेलं टोक नखानं तोडलं. मागचे पाच माग खडखडत होते, ते सगळे हललेले, आणि मधोमध मामांचा अंगठा अगदी कोरून काढल्यासारखा. एवढ्या दिवसांत ही एकच फ्रेम मनासारखी आली.

कुणी जाणार असेल तर सांगतो, ट्रायपॉड नेऊ नका. माग चालू असताना फरशीच थरथरते, ती थेट कॅमेऱ्यात उतरते. कोपर पोटाशी दाबून हातातच धरा. शर्टाची बाही दुमडा, मागाच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब उभे राहा आणि आत जायच्या आधी कामगारांना विचारा.

आता माझा गाढवपणा. तिसऱ्या रविवारी मागाशेजारी उभं राहूनच लेन्स बदलली. मामा ओरडले, "ते डबडं इथं उघडू नको बे, सुताचं तूस जातंय आत!" मी हसलो.

डिसेंबरात हिप्परगा तलावावर त्याची वसुली झाली. मधले तीन महिने काहीच कळलं नाही, कारण पक्ष्यांचे फोटो मी एफ ५.६ वर काढतो आणि उघड्या एपर्चरला (लेन्सचं भोक मोठं असताना) सेन्सरवरची घाण विरघळून जाते. यंदा पट्टकादंबांचं पॅनिंग करायचं ठरवलं होतं. हिमालय ओलांडून येणारे हे हंस, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. सकाळी थवा पाण्यावरून उठला की त्याच्याबरोबर कंबर वळवत १/६० ला काढायचे. शटर हळू केलं की उजेड जास्त होतो, म्हणून एपर्चर एफ १६ पर्यंत बारीक करावं लागलं. बारीक एपर्चरला सेन्सरवरचा केसदेखील सावली पाडतो. सगळ्या फोटोंत आभाळात डाव्या कोपऱ्यात एक वाकडी अळी आणि चार ठिपके. एका फोटोत ठिपका बरोबर हंसांच्या रांगेत बसलाय, नववा हंस म्हणून खपून जाईल.

रबरी फुग्यानं ठिपके गेले, अळी नाही गेली. ती शेवटी साफ करून घ्यावी लागली. आता दर महिन्याला एफ १६ वर कोऱ्या आभाळाचा एक फोटो काढून बघतो.

नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यात दोनदा गेलो. काळवीट मिळाले, माळढोक नाही दिसला, आजवर एकदाही नाही. साडेनऊनंतर तिथं माळावरची हवाच थरथरायला लागते, ३०० च्या लेन्सनं लांबचं काही धड येत नाही. त्याला शटर काही करू शकत नाही, लवकर उठणं एवढाच इलाज.

यंदाच्या अक्षता: १८-५५, एनडी लावून १/६०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एपर्चर कॅमेऱ्यावर सोडलं. पांढऱ्या बाराबंदीची गर्दी असली की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि सगळं राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर +०.७ ने वाढवलं. मिरवणुकीतल्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, जवळ येईपर्यंत माझा हात कापत होता, ते शटरचं नाही, खांद्यावर चढलेल्या पोराचं. चाळीसेक फ्रेमांत तीन बऱ्या. उभी माणसं जागेवर, हात फिसकटलेले आणि वर दाण्यांच्या बारीक तिरक्या रेघा, पावसासारख्या. घाण कुणी म्हटलं नाही. एक चुलता म्हणाला, "पाऊस कधी पडला बे?"

परवा मामांना त्या अंगठ्याच्या फ्रेमची १२ बाय १८ ची प्रिंट दिली. चष्मा वर ढकलून त्यांनी ती डोळ्याजवळ धरली, अंगठ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खालच्या चादरीवर बोट टेकवलं. "ही तार चुकलीय. त्या दिवशीच दाखवायचं होतंस की."