महामार्ग ५३, पोर्ट ५३: जळगाव ते रावेर

हे टिपण रावेरला जाऊन डीएनएस सर्व्हरवर (डोमेनच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) फायरवॉल, म्हणजे येणारी वाहतूक गाळणारे नियम, लावण्याबद्दल. मुख्य सर्व्हर रावेरच्या केळी पॅकहाऊसच्या ऑफिसात, दुय्यम, म्हणजे त्याची नक्कल ठेवणारा, जळगावला. भुसावळपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५३, आणि डीएनएसचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरचं त्याचं ठरलेलं दार, तोही ५३. आकडा विसरायची सोयच नाही. पुढे खंडवा लाइनची गाडी मिळते, पण प्रत्येक गाडी रावेरला थांबत नाही, ते आधी बघून घ्या.

निघण्यापूर्वी ऑफिसात फोन करून राउटरच्या वॅनच्या (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावरचा आयपी वाचून घ्या. तो १००.६४ ते १००.१२७ यांतला निघाला तर लाइन सीजीनॅटमागे आहे, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते. स्थिर पब्लिक आयपी मिळेपर्यंत जाऊन उपयोग नाही. नियम कितीही चोख लिहा, बाहेरचा एकही प्रश्न आत येणार नाही.

एनएफटेबल्समधल्या, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमधल्या, परवानग्यांचा क्रम असा: चालू जोडण्या, मग लूपबॅक (सर्व्हरचं स्वतःशीच बोलणं), मग फक्त आपल्या आयपीवरून एसएसएच (दुरून लॉगिन), मग ५३ यूडीपी (जोडणी न करता पाठवलेली पाकिटं) आणि ५३ टीसीपी (आधी जोडणी करून बोलणं) सगळ्यांना, मग आयसीएमपी (पिंग आणि चुकांचे निरोप). ड्रॉप पॉलिसी, म्हणजे बाकी सगळं टाकून देणं, सगळ्यात शेवटी. ती आधी लावली आणि एसएसएचचा नियम राहिला, तर जळगावहून काम करणाऱ्याला पुन्हा रावेर गाठावं लागतं. म्हणून नियम चढवण्याआधी ‘पाच मिनिटांनी सगळे नियम पुसा’ असं काम ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या अ‍ॅटमध्ये टाकून ठेवा. नवीन एसएसएच जोडणी लागली की ते काढा. जुनी खिडकी चालू आहे यावर जाऊ नका, ती चालू जोडण्यांच्या नियमावर तगलेली असते. आयपीव्ही६ असेल तर आयसीएमपीव्ही६ सरसकट अडवू नका. त्याच नेटवर्कवरची शेजारची यंत्रं शोधणंच बंद पडतं.

खरी गोची टीसीपीची. राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून आलेलं आतल्या सर्व्हरकडे वळवण्याच्या सोयीत) नुसतं यूडीपी निवडलं तरी छोटी उत्तरं झटकन येतात, सगळे खूश. डीएनएसएसईसीचं (डिजिटल सह्या जोडलेलं) किंवा लांब टीएक्सटीचं (मजकुराच्या नोंदीचं) उत्तर यूडीपीत मावलं नाही की सर्व्हर ते कापून पाठवतो, विचारणारा टीसीपीवर परत येतो आणि ताटकळतो. झोन ट्रान्सफरही, म्हणजे मुख्य सर्व्हरवरच्या नोंदी दुय्यमवर उतरवणं, टीसीपीवरच चालतो. तो अडला तर जळगावचा सर्व्हर जुनीच माहिती देत राहतो, आणि एसओए या डोमेनच्या मुख्य नोंदीतली एक्स्पायर (नक्कल बाद होण्याची) मुदत ६०४८०० सेकंद असेल तर बरोबर आठवड्याने सर्व्हफेल, म्हणजे ‘उत्तर देता येत नाही’, देऊ लागतो. तेव्हा फायरवॉल कुणाच्या डोक्यातही नसते. ट्रान्सफर कुणाला द्यायचा हे फायरवॉलमध्ये न ठरवता बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरच्या ‘अलाऊ ट्रान्सफर’मध्ये ठरवा, शक्यतो टीसिग किल्लीसह (दोन्ही सर्व्हरांमधली गुप्त किल्ली). रिकर्शन (दुसऱ्यांच्या डोमेनची उत्तरं शोधून देणं) बंदच ठेवा, नाहीतर खोट्या पत्त्यांवरून आलेल्या प्रश्नांची मोठमोठी उत्तरं तुमचा सर्व्हर भलत्याच्याच दारात ओतेल.

तपासणी ऑफिसच्या वायफायवरून नको; काही राउटर आतून बाहेरच्या आयपीवर जाऊच देत नाहीत. मोबाइल डेटावरून डिग (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) करा: एकदा साधं, एकदा टीसीपी सक्तीने, एकदा दुसऱ्याच कुठल्या डोमेनबद्दल. तिसऱ्याला ‘रिफ्यूज्ड’ आलं पाहिजे.

रावेरला शेवभाजी खाऊन निघण्याआधी एक काम उरतं. नियम एनएफटेबल्सच्या फाइलीत लिहा, सर्व्हिस इनेबल करा आणि सर्व्हर रीबूट करून पुन्हा डिग करा. नुसते कमांडने चढवलेले नियम लाइट गेली की जातात.