माझा चौदावा दिवस

मला पीसीओएस आहे, म्हणजे हार्मोन्सच्या गोंधळामुळे अंडाशयातून अंडं वेळेवर सुटत नाही. मूल हवं म्हणून प्रयत्न सुरू केले तेव्हा वर्षभर आम्ही अ‍ॅपच्या भरवशावर होतो. पाळीची तारीख टाकली की ते अ‍ॅप चौदाव्या दिवसाभोवती एक गोल काढून द्यायचं, आज ओव्हुलेशन, म्हणजे अंडं सुटणार म्हणून, आणि मी त्या गोलाच्या आधीचे दोन-तीन दिवस नि नंतरचा एक असे धरून चालायचे. त्या दिवसांत नवऱ्याला कामासाठी बाहेर जावं लागलं तर माझा जीव खालीवर व्हायचा, हा महिना गेला म्हणून रडायचे सुद्धा. आणि त्याच वर्षात माझ्या दोन पाळ्यांमधलं अंतर किती होतं, तर ४३ दिवस, ६१ दिवस, ३८, आणि एकदा थेट ९७. म्हणजे ज्या दिवसासाठी मी एवढी धडपडत होते त्या दिवशी माझ्या अंडाशयात बहुतेक काहीच घडत नव्हतं. हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

आता हिशोब कळतो. अंडं सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक बायकांमध्ये साधारण चौदा दिवसांचाच असतो, लांबतो तो पाळीपासून अंडं सुटेपर्यंतचा काळ. मग ४३ दिवसांच्या चक्रात अंडं सुटलंच असेल तर ते एकोणतिसाव्या दिवसाच्या आसपास. अंडं जगतं १२ ते २४ तास, शुक्राणू आत फार तर पाच दिवस टिकतात. चौदाव्या दिवसाचं आणि त्याचं काही देणंघेणंच नाही!

लांबलेल्या पाळीबद्दल मला खूप बोलायचंय कारण त्याचा त्रास फक्त पीसीओएस असलेल्या बाईलाच कळतो. ज्यांची पाळी वेळेवर येते त्यांना दोन दिवस उशीर झाला तर आशा वाटते आणि ती आशा बऱ्याचदा खरीही निघते. आपल्याकडे उशीर हेच नेहमीचं. तरी मन ऐकत नाही. ९७ दिवसांच्या त्या वेळेला मी सहा टेस्ट केल्या. पस्तिसाव्या दिवशी केली, बेचाळिसाव्या दिवशी केली, मग छाती जड वाटली म्हणून केली, मग एका सकाळी मळमळलं म्हणून केली, आणि प्रत्येक वेळी ती एकच रेघ उजेडात धरून, तिरकी करून, दुसरी कुठे पुसटशी दिसते का ते बघत बसायचे. नवरा म्हणायचा अगं थांब ना थोडे दिवस. पण थांबायचं कशासाठी ते दोघांनाही माहीत नव्हतं. अंडंच सुटलं नसेल तर गर्भ राहण्याचा प्रश्नच नाही, हे तेव्हा एका वाक्यात कोणी सांगितलं असतं तर ते तीन महिने मी वेगळे काढले असते.

मला पीसीओएस आहे हे मी १९ वर्षांची असताना कळलं. सोनोग्राफी झाली, "ओव्हरीत सिस्ट आहेत, पुढे मूल व्हायला त्रास होईल, गोळ्या घे, मूल हवं असेल तेव्हा बघू" एवढं सगळं पाच मिनिटांत बोलून झालं आणि मी नि आई गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट घेऊन घरी आलो. गोळ्या चालू होत्या तोवर दर महिन्याला रक्तस्राव व्हायचा, मला वाटायचं आपली पाळी सुधारली. तो गोळी थांबवल्यामुळे होणारा रक्तस्राव असतो, आपलं अंडं सुटून आलेली पाळी नसते. गोळ्या वाईट नाहीत, त्या वयात अंगावरचे केस नि पिंपल्स कमी झाले त्यांच्यामुळे आणि गर्भाशयाचं आतलं अस्तरही जपलं गेलं, मला राग आहे तो न सांगितल्याचा. "मूल व्हायला त्रास होईल" हे वाक्य एका १९ वर्षांच्या मुलीच्या हातात देऊन तिला तसंच घरी पाठवायचं नसतं. मी ते दहा वर्षं मनात घेऊन फिरले.

आणि ते सिस्ट, ते सिस्ट नसतातच. त्या दोन ते नऊ मिलीमीटरच्या फॉलिकल, म्हणजे अंडं ज्यात वाढतं त्या बारीक पिशव्या असतात, प्रत्येकीत एक अपक्व अंडं, वाढता वाढता मध्येच थांबलेल्या. काढून टाकायचं असं त्यात काही नाही. हे नाव पडलं त्याचा इतिहास जुना आहे, १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांबद्दल लिहिलं, पाळी येत नाही, अंडाशयं मोठी झालेली, त्यात असे खूप बुडबुडे, आणि पुढे सगळं लक्ष त्या बुडबुड्यांवरच राहिलं. खरा घोळ हार्मोन्सचा आहे. बऱ्याच जणींमध्ये इन्सुलिन नीट काम करत नाही म्हणून शरीर ते जास्त बनवतं, जास्त इन्सुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बनवायला लावतं, आणि त्या गोंधळात कुठलीच एक फॉलिकल पुढे जाऊन पिकत नाही. निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात, पाळी अनियमित असणं, अँड्रोजन जास्त असणं (रक्तात किंवा केस-पिंपल्सच्या रूपात), आणि सोनोग्राफीत तसं अंडाशय दिसणं. शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स तपासून ते कारण नाही ना हे बघायचं असतं. माझं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, पहिल्यांदा तपासलं गेलं ते निदान होऊन दहा वर्षांनी.

अ‍ॅपचा नाद सोडल्यावर मी ओव्हुलेशनच्या पट्ट्या आणल्या. पहिल्या दिवशी दोन गडद रेघा, आनंदाने उडीच मारली मी. दुसऱ्या दिवशीही गडद, तिसऱ्या दिवशीही, मग दोन दिवस फिकट आणि परत गडद. नवरा बिचारा आठवडाभर माझ्या पट्ट्यांप्रमाणे चालला. या पट्ट्या एलएच नावाचं हार्मोन मोजतात, अंडं सुटायच्या आधी ते एकदम वाढतं म्हणून, पण पीसीओएसमध्ये अनेकींचं एलएच आधीपासूनच चढलेलं असतं त्यामुळे पट्टी उगाच हो म्हणत राहते. कोणाला उपयोग होतो कोणाला नाही, मला झाला नाही. सकाळी उठल्या उठल्या ताप मोजायचाही प्रयोग केला, अंडं सुटल्यावर तापमान अर्ध्या डिग्रीच्या आत-बाहेर वाढतं आणि वरच राहतं. माझा आलेख सरळ रेघ होता, दोन महिने. वाईट वाटलं पण निदान ती रेघ खरं बोलत होती.

मग एकविसाव्या दिवसाची प्रोजेस्टेरॉन टेस्ट, अंडं सुटल्यावर वाढणारं हे हार्मोन. रिपोर्ट आला ०.४ आणि मला सांगितलं गेलं तुझं ओव्हुलेशन होत नाही. आता ही टेस्ट खरं तर अंडं सुटल्यावर साधारण सात दिवसांनी करायची असते, २८ दिवसांच्या चक्रात तो दिवस एकविसावा येतो म्हणून तिला ते नाव पडलं. ज्या बाईचं चक्र पंचेचाळीस दिवसांचं आहे तिची एकविसाव्या दिवशी केली तर उत्तर ०.४ च येणार, पुढे तिसाव्या दिवशी अंडं सुटलं तरी कोणाला कळणार नाही. त्या एका आकड्यावर मी पंधरा दिवस कोणाशी धड बोलले नाही. तुमचं चक्र मोठं असेल तर ही टेस्ट कुठल्या दिवशी करायची हे विचारा, एकदा नाही दोनदा विचारा.

वजन. मी ७९ किलोची होते, ७३ वर आले, त्याला आठ महिने लागले आणि त्याचा फायदा झाला हे मी नाकारणार नाही, पाळ्या ९७ वरून ४५ च्या आसपास आल्या. पाच ते दहा टक्के वजन कमी झालं तरी काहींचं ओव्हुलेशन परत सुरू होतं असं म्हणतात ते मला लागू पडलं. पण "आधी वजन कमी कर मग ये" असं सांगून बाईला दारातूनच परत पाठवणं मला पटत नाही. माझी मैत्रीण ५० किलोची आहे, तिलाही पीसीओएस आहे, तिला काय सांगणार? आणि ज्या बाईला पाळीच येत नाही तिला बारा महिने प्रयत्न करून मग या, हेही चुकीचंच. ते बारा महिने पाळी नियमित असलेल्यांसाठी आहेत, आणि वय ३५ च्या पुढे असेल तर त्यांच्यासाठीही सहाच. आपल्याकडे वर्षाला तेरा संधी नसतात, माझ्याकडे त्या वर्षात कदाचित तीन होत्या, कदाचित एकही नव्हती.

इन्सुलिनसाठी मेटफॉर्मिन हे औषधही चालू झालं, पहिले तीन आठवडे पोट इतकं बिघडलं की सोडून द्यावंसं वाटलं, मग हळूहळू डोस वाढवत नेला आणि जमलं. दीर्घकाळ घेत असाल तर बी-१२ व्हिटॅमिन तपासत राहा. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, ते प्रयत्न सुरू केल्यापासूनच घ्यायचं असतं.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. अकरा महिने सगळ्या तपासण्या माझ्या झाल्या. रक्त माझं, सोनोग्राफी माझी, वजन माझं. नवऱ्याची सिमेन अ‍ॅनालिसिस (वीर्याची तपासणी) कोणी सांगितलीच नाही कारण "प्रॉब्लेम तर हिला आहे ना". नवीन डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत त्याला विचारलं, तुमचा रिपोर्ट कुठाय? तो कावराबावरा झाला, घरी येईपर्यंत गप्प होता, पण केली त्याने टेस्ट. शुक्राणूंची हालचाल थोडी कमी निघाली. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात म्हणून तीन महिन्यांनी परत करायची होती, त्या तीन महिन्यांत त्याने सिगरेट सोडली, आणि दुसरा रिपोर्ट नॉर्मल आला. त्या रात्री तो मला म्हणाला, तू एकटीच हे सगळं ओढत होतीस. मला तेवढं ऐकायचं होतं बहुतेक. माझी एचएसजी, म्हणजे गर्भनलिकांची एक्स-रे तपासणीही झाली, दोन्ही नळ्या उघड्या, दुखतं पण पाच-दहा मिनिटांत संपतं.

मग लेट्रोझोल. नाव शोधल्यावर पहिलं काय दिसलं तर स्तनाच्या कॅन्सरचं औषध, माझे हातपायच गळाले. डॉक्टरांनी समजावलं की हे औषध थोडे दिवस शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करतं, मग मेंदूला वाटतं अंडाशय काम करत नाहीये आणि तो फॉलिकल वाढवणारं एफएसएच जास्त सोडतो. २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० बायकांवर मोठा अभ्यास झाला, क्लोमिफीन या जुन्या औषधाशी तुलना केली, लेट्रोझोलवाल्या गटात २७.५ टक्के बायकांना मूल झालं आणि क्लोमिफीनवाल्या गटात १९.१ टक्के. आता पीसीओएसमध्ये ओव्हुलेशनसाठी पहिलं औषध हेच देतात. मी तो २७.५ आकडा कितीतरी दिवस उलटसुलट बघत होते. शंभरातल्या सत्तावीस, म्हणजे उरलेल्या त्र्याहत्तर पण आहेतच की.

आधी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन पाळी आणली. दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस रोज अडीच मिलीग्रॅम लेट्रोझोल. दहाव्या दिवसापासून फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे एक दिवसाआड इंटर्नल सोनोग्राफी. दहाव्या दिवशी काही नाही, बाराव्या दिवशी काही नाही, सोळाव्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या या वेळी रिस्पॉन्स नाहीये, डोस वाढवू. मी बाहेर येऊन बाकावर बसले, नवऱ्याला मेसेज टाइप केला, खोडला, परत टाइप केला.

दुसऱ्या वेळी पाच मिलीग्रॅम. दहाव्या दिवशी उजवीकडे एक, ११ मिलीमीटर. बाराव्या दिवशी १४. चौदाव्या दिवशी १८, आणि स्क्रीनवर ती काळी गोल जागा मला न दाखवताच ओळखता आली, बाकी सगळ्या बारक्या फॉलिकलमध्ये ती एकटी मोठी. गर्भाशयाचं अस्तर ८.५ मिलीमीटर. पंधराव्या दिवशी २० झाली, त्या रात्री अंडं सोडायला लावणारं ट्रिगरचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३६ तासांत अंडं सुटतं, म्हणजे सतराव्या दिवशी. अठराव्या दिवशी सोनोग्राफीत फॉलिकल रप्चर झालेली, म्हणजे फुटून अंडं सुटलेलं दिसलं. चोविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन केलं, १३.६, म्हणजे अंडं खरंच सुटलं होतं. मी तो रिपोर्ट आईला पाठवला, तिला त्यातलं काही कळत नाही तरी पाठवला.

ट्रिगरमध्ये एचसीजीच असतं, प्रेग्नन्सी टेस्ट जे हार्मोन शोधते तेच, ते अंगात असेपर्यंत टेस्ट खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून आधी करू नकोस असं बजावलं होतं. नाही केली. दिवस मोजत राहिले, सतरा अधिक चौदा, एकतीस.

एकतिसाव्या दिवशी सकाळी पाळी आली.

बराच वेळ मी बाथरूममध्येच उभी होते. रडले, खूप रडले, आणि त्याच वेळी डोक्यात हेही चाललं होतं की आज एकतिसावा, आजच यायची होती. अंडं सुटून आलेली पाळी ठरलेल्या दिवशी येण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. नवऱ्याला बाहेर येऊन म्हटलं, आली, बरोबर आजच आली. त्याला हसावं का रडावं कळेना, जवळ घेऊन नुसता उभा राहिला. संध्याकाळी मी अ‍ॅप उघडलं, त्यात चौदाव्या दिवसावर तो गोल अजून होता, मी तो काढून टाकला आणि सतराव्यावर माझ्या हाताने एक टिंब दिलं.

उद्या दुसरा दिवस. पाच मिलीग्रॅमच्या पाच गोळ्या उशाशी ठेवल्यात आणि सकाळी सोनोग्राफीला जायचंय, या वेळी हा पण येतोय.