गुढीपाडवा, सोसायटीचा हॉल आणि वाईटपणा

ठाण्याहून परत येऊन तीन आठवडे होत आले, आईने बांधून दिलेली भाजणी पण निम्मी संपली, आणि मी आत्ता कुठे लिहायला बसलेय. अडीच वर्षांनी गेले होते घरी. कोविडमुळे बंद पडलेली भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय विमानं २०२२ च्या २७ मार्चला परत सुरू झाली आणि मी २८ ला रात्री मुंबईत उतरले, म्हणजे बघा किती घायकुतीला आले होते. बेत साधा होता, आईबाबांबरोबर राहायचं, मामलेदारची मिसळ खायची, संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारायची, बँकेची दोन कामं उरकायची. यातलं निम्मंच झालं, कारण उरलेला वेळ आमच्या सोसायटीच्या हॉलच्या खिडक्या उघडायच्या की नाही ह्या विषयात गेला. खोटं नाही सांगत.

आधी इकडचं सांगते. मी राहते अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला, सँटा क्लारा काउंटीत, काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. कॅलिफोर्नियाने १५ फेब्रुवारीला रात्री, लस घेतलेल्यांसाठी, बंद जागेतली मास्कसक्ती उठवली, आजूबाजूच्या काउंट्यांनीही उठवली, आमची मात्र अडून बसली. इथल्या तेव्हाच्या आरोग्य अधिकारी डॉ. सारा कोडी, त्यांचं म्हणणं रोजच्या नव्या केसेसची सात दिवसांची सरासरी ५५० च्या खाली येऊन आठवडाभर तिथे टिकू दे, मग बघू. त्यामुळे २ मार्चपर्यंत गंमत अशी की पालो आल्टोत दुकानात शिरायला मास्क हवा, आणि त्याच एल कॅमिनो रस्त्याने जरा पुढे गेलात की मेनलो पार्क, काउंटी बदलली, तिथे नको. मध्ये एक ओढा आहे फक्त. विषाणूला ओढा ओलांडता येत नाही वगैरे विनोद दोन आठवडे चालले. ह्या बाईंना मागे धमक्यासुद्धा आल्या होत्या, २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेत सगळ्यात आधी घरी बसायचा आदेश काढणाऱ्या सहा काउंट्यांत त्या पुढे होत्या ना. पण त्या बधल्या नाहीत.

आमचा मराठी पालकांचा एक ग्रुप आहे, तिथेही जुंपलीच, पण ती भांडणं फार सोज्वळ, प्रत्येक मेसेजच्या शेवटी हात जोडलेले. शाळेतली सक्ती ११ मार्चनंतर गेली तेव्हा माझी मुलगी म्हणाली सगळे काढतील तेव्हा मी काढेन, आणि वर्गातले सगळे तेच म्हणत होते.

तर अशी एक उठवणी बघून मी ठाण्यात आले आणि ३१ मार्चला बातमी, महाराष्ट्रातले सगळे निर्बंध २ एप्रिलपासून म्हणजे पाडव्यापासून रद्द, मास्क ऐच्छिक. महिन्याभरात दुसऱ्यांदा!

पाडव्याचा दिवस मस्त गेला, त्याबद्दल तक्रार नाही. दोन वर्षांनी स्वागतयात्रा निघाली, कौपिनेश्वराची पालखी, ढोलताशे, नऊवारीतल्या बुलेटवाल्या, गोखले रोडवर पाय ठेवायला जागा नाही. मी एन९५ लावून उभी, तर शेजारच्या काकू म्हणतात, अगं काढ आता, सरकारने पण काढला. मी काढला. उघड्यावर होतो, ठीक होतं.

भानगड हॉलची होती. आमची बिल्डिंग पाचपाखाडीतली, जुनी, चार मजली, आणि पार्किंगच्या मागे तळमजल्यावर एक हॉल. सकाळी योगा, मंगळवारी भजनी मंडळ, संध्याकाळी पोरांचा कराटे क्लास, शनिवार-रविवार कोणाचं तरी बारसं नाहीतर वाढदिवस. २०१९ मध्ये वर्गणी काढून दोन स्प्लिट एसी बसवले, तेव्हा खिडक्यांना सरकत्या काचा लावल्या, त्यावर नंतर कोणीतरी रंगाचा हात मारला आणि त्या चिकटल्या त्या चिकटल्याच. कोणाला त्याचं काही वाटलं नाही कारण उघडून येणार काय, तर डास आणि रस्त्याचा आवाज.

पाडव्याला बोर्डावरची ‘मास्कशिवाय प्रवेश नाही’ची चिठ्ठी कोणीतरी काढून टाकली. कोणी ते अजून कळलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी संध्याकाळपर्यंत नवी चिठ्ठी लावली. सकाळी तीही गेली. मग ग्रुपवर सुरू. अण्णांचं म्हणणं मी समजू शकते, वहिनींचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, नवीन किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात आणि अशा लोकांना लसीचा फायदा इतरांपेक्षा कमीच होतो. त्यात वहिनी भजनी मंडळात पेटी वाजवतात. दोन वर्षं पेटीला हात लावला नव्हता आणि आता कुठे फेब्रुवारीपासून परत यायला लागल्या होत्या, का, तर सगळे मास्क लावून बसायचे म्हणून.

पण दुसऱ्या बाजूचं ऐकलं की तेही पटायचं. पहिल्या मजल्यावरच्या आजींना कमी ऐकू येतं, त्या समोरच्याच्या ओठांकडे बघून समजून घेतात, आणि मास्कचं इलॅस्टिक काढताना कानातलं मशीन दोनदा खाली पडलं, एकदा गटारात. त्या म्हणाल्या, दोन वर्षं मी नुसती मान डोलावतेय, कोण काय बोलतंय मला कळत नाही. कराटेवाला सर म्हणतो मुलांना श्वास घेता येत नाही. आणि आमच्या वरचे वकीलकाका, त्यांना मास्कशी काही देणंघेणं नाही, त्यांचा मुद्दा फक्त हा की जी सक्ती सरकारने उठवली ती कमिटी कुठल्या नियमाने लावणार, ठराव दाखवा.

मीटिंग ठरली ६ एप्रिलला. नेमकं त्याच दिवशी मुंबईत एक्सई नावाचा कोविडचा नवा व्हेरियंट, म्हणजे विषाणूचं बदललेलं रूप, सापडल्याचं महापालिकेने सांगितलं आणि थोड्या वेळाने केंद्राचं म्हणणं आलं की मिळालेल्या पुराव्यावरून तसं दिसत नाही. म्हणजे दोन्ही पार्ट्यांच्या मोबाइलमध्ये ताजा फॉरवर्ड तयार. पुढचा पाऊण तास तुम्हीच कल्पना करा.

सेक्रेटरी बिचारे भला माणूस. मधेच उठून म्हणाले, अहो इतके दिवस मी सांगायचो सरकारचा नियम आहे, लोक सरकारला शिव्या द्यायचे आणि मास्क लावायचे. आता मी काय सांगू, माझा नियम आहे? उद्या मला लिफ्टमध्ये ह्यांच्याच बरोबर जायचंय.

मला ते ऐकून एकदम सनीवेल आठवलं. तिकडे ते दोन आठवडे कोडीबाईंनी वाईटपणा घेतला होता, सगळ्यांच्या वतीने. लोक त्यांच्यावर चिडत होते पण आपापसात कोणाला काही विचारावं लागत नव्हतं. मुंबईत मास्क नसला की २०० रुपये दंड व्हायचा, तोही तसाच, दंडाची पावती फाडणारा वाईट, शेजारी नाही. ऐच्छिक म्हटलं की तो सगळा वाईटपणा एकदम अण्णांच्या डोक्यावर, की त्यांनी एकेकाच्या दारात जाऊन सांगायचं माझ्या बायकोसाठी लावा हो. आणि कोणी नाही लावला तर त्याला वहिनींच्या जिवाची पर्वा नाही असा अर्थ होणार, जो खरं तर नसतो. बहुतेकांना नुसतं उकडत असतं.

हे एवढंच बोलले असते तर बरं झालं असतं. पण अमेरिकेतून आलेल्या बाईने शहाणपणा शिकवला नाही तर कसं. मी उठून स्कॅजिटची गोष्ट सांगितली. वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट काउंटीत एका गायकवृंदाची तालीम झाली १० मार्च २०२० ला, ६१ लोक होते, अडीच तास गायले, त्यातले ५३ जण आजारी पडले आणि दोघं गेले. गाताना तोंडातून बारीक कण जास्त उडतात आणि बंद खोलीत ते तरंगत राहतात, हे जगाला समजायला त्या तालमीचा बराच उपयोग झाला. सगळं खरं. पण समोर भजनी मंडळाच्या अकरा बायका बसल्या होत्या, रामनवमी चार दिवसांवर होती, आणि दोघं गेले म्हटल्यावर हॉलमध्ये जी शांतता पसरली ती अजून आठवते. घरी आल्यावर आई जेवायला वाढताना एक शब्द बोलली नाही. मग भांडी आवरताना म्हणाली, एवढं शिकलीस, कुठे काय बोलावं ते नाही शिकलीस.

मीटिंगचं फलित काय, तर दुसऱ्या दिवशी बोर्डावर सेक्रेटरींच्या सहीची नोटीस. शब्दशः देते: ‘हॉलमध्ये मास्क वापरणे ऐच्छिक असून सर्व सभासदांनी त्याचे काटेकोर पालन करावे.’ मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला, तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये फुटला.

आता माझ्या बॅगेत एक छोटं मशीन होतं, कार्बन डायऑक्साइड मोजायचं. इकडे बऱ्याच पालकांनी घेतलं होतं, मुलांच्या वर्गात हवा किती खेळते ते बघायला. आपण उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे खोलीतला आकडा चढला म्हणजे आपण एकमेकांची सोडलेली हवा परत परत घेतोय. बाहेर मोकळ्या हवेत साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. विषाणू त्यात दिसत नाही, हे मी आईला चार वेळा सांगितलं. पण हवा कोंदलीय का ते दिसतं. गुरुवारी तालमीला मी गुपचूप ते तबल्याच्या मागे ठेवलं. एसी चालू, खिडक्या बंद, चौदा माणसं. अर्ध्या तासात १,९००. एसीवाल्या खोलीत गार वाटतं म्हणून हवा ताजी आहे असं आपल्याला वाटतं, पण स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून परत आत सोडतो, बाहेरची घेतच नाही. ह्या वेळी मी भाषण केलं नाही, नुसतं मशीन आईच्या हातात दिलं.

आईने ते ग्रुपवर टाकलं नाही, तिने सुताराला बोलावलं. हीच ती बाई जी दोन तास माझ्याशी बोलली नव्हती. पटाशीने रंग खरवडून सहापैकी चार खिडक्या सुटल्या, उरलेल्या दोनची काच तडकली आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे हा वाद वेगळा, तो बहुधा अजून चालू आहे. गच्चीवर करा असंही कोणी सुचवलं, पण रामजन्म भर दुपारी बाराचा, एप्रिलातल्या ठाण्यात बाराला गच्चीवर पापड भाजतील. म्हणजे हॉलच.

दहा तारखेला काय झालं ते सांगते. त्याच दिवशी, दुसऱ्या डोसला नऊ महिने झालेल्या १८ वर्षांवरच्या सगळ्यांना खाजगी केंद्रांवर प्रिकॉशन डोस, म्हणजे लसीचा तिसरा डोस, सुरू झाला, कराटेवाले सर सकाळी तो घेऊन दंड चोळत आले. एसी बंद, सगळे पंखे फुल, चार खिडक्या सताड उघड्या, दाराला विटेचा अडसर. सगळे घामाने निथळत होते. मशीन ७०० ते ८०० च्या मधे. वहिनी दाराजवळच्या खिडकीशी पेटी घेऊन, चांगला घट्ट एन९५ लावून, कारण समोरच्याने नाही लावला तरी स्वतःचा नीट बसणारा असला तर बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, हे त्यांच्याच डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. गाणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांनी मास्क लावला होता, निम्म्यांनी नाही, आजींच्या बाजूला बसलेल्या सुनेने मुद्दाम काढून ठेवला होता. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. पाळणा झाला. आणि मग सुंठवडा वाटला.

सुंठवड्याचा ठसका लागतो हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. आधी वकीलकाका खोकले, मग कराटेवाले, मग एकदम सात-आठ जण, आणि प्रत्येक जण खोकता खोकता हात हलवून सांगतोय, सुंठ आहे, सुंठ आहे! अण्णा आधी पांढरे पडले आणि मग इतके हसले की त्यांनाच ठसका लागला. वहिनी आपली वाटी घेऊन बाहेर पॅसेजमध्ये गेल्या, मास्क खाली केला, खाल्लं, परत लावला, आत आल्या.

निघताना वाटलं होतं की चला, हे मार्गी लागलं. कसलं काय. सोमवारी वाढदिवसवाल्यांनी खिडक्या लावून एसी चालू केला, कारण केकवरचं क्रीम वितळत होतं.

मी १८ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, पूर्ण प्रवास मास्क लावून, आणि त्याच दिवशी फ्लोरिडातल्या एका फेडरल न्यायाधीशांनी विमानातली मास्कसक्ती रद्द केली. काही विमानांत तर हवेत असतानाच घोषणा झाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही जण रडवेले झाले, कारण तिकीट काढताना त्यांना वाटलं होतं शेजारचा मास्क लावून असेल. आमच्या बार्ट रेल्वेने नियम काढला आणि दहा दिवसांत परत आणला. दिल्लीनेही दंड काढून महिना व्हायच्या आत ५०० रुपये परत लावले म्हणे. म्हणजे सेक्रेटरी एकटेच गोंधळलेले नव्हते.

ते मशीन मी आईकडेच ठेवून आले. तेव्हापासून मला रोजचं सुप्रभात यायचं बंद झालंय, त्याऐवजी तबल्याशेजारच्या आकड्याचा फोटो येतो. कधी ६८०, कधी ९१०. मागच्या मंगळवारी आला १,५४०, आणि खाली आईचा मेसेज, ‘खिडकी कोणी लावली ते मला माहितीये. अण्णांनीच. वहिनींना डास चावत होते.’