जोडे काढायचं गाव

तिसऱ्या दिवशी दुपारी टाचेवरचा फोड फुटला. इंग्लंडात नॉर्विचहून वॉल्सिंगहॅमच्या मरियेच्या यात्रेला आम्ही दोघी पायी निघालो होतो. नॉर्विच सोडल्यावर नॉर्थ एल्महॅम आधी लागलं की ग्रेट रायबर्ग, विचाराल तर आता गोंधळेन. शेतं, कुंपणाची झुडपं, पुन्हा शेतं. बरोबरची वसईची मैत्रीण जपमाळ ओढत सतत दहा पावलं पुढे. आपल्या दिंडीत निदान टाळांचा ठेका पाय ओढून नेतो. इथे तिची पुटपुट आणि माझी चिडचिड.

ईस्ट बार्शमचा विटांचा वाडा रस्त्यावरूनच पाहिला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री १५११ मध्ये इथून वॉल्सिंगहॅमला अनवाणी गेला म्हणे. पुढे त्याच्याच हुकुमतीत, १५३८ मध्ये, तिथला मठ मोडला आणि मरियेची मूर्ती लंडनला नेऊन जाळली. जेमतेम तीन-चार किलोमीटर चालला, त्याचं केवढं कौतुक! असं मी मोठ्यानेच म्हणाले. मैत्रीण तास-दोन तास बोलली नाही.

मग हॉटन सेंट जाइल्स. स्टिफ्की नदीच्या खोऱ्यातली गारगोटीच्या भिंतींची थोडीशी घरं, एक चर्च, आणि रस्ता सरळ पाण्यात शिरतो ती उथळ जागा. संत जाइल्स म्हणजे लंगड्यांचा कैवारी. मी त्या पाण्याच्या कडेला बसले आणि बूट काढताना ओरडलेच.

कुंपणापलीकडून एक म्हातारे गृहस्थ आले. काही न विचारता आत गेले, ते भांडी घासायचं प्लॅस्टिकचं घमेलं घेऊन आले. कोमट पाणी, मीठ. "ठेव पाय, पोरी," अशाच अर्थाचं काहीतरी म्हणाले. मीठ झोंबलं तशी मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही. बूट उचलून आत बोट घातलं, टाचेशी दुमडलेली कातडी दाखवली आणि मान हलवली. मग आपले जाड लोकरी मोजे आणून दिले, एकावर रफू केलेलं.

गावाबाहेर स्लिपर चॅपल. चौदाव्या शतकातलं, देवघराएवढं. यात्रेकरू जोडे इथे काढायचे आणि शेवटचा मैल अनवाणी जायचे. मठ गेल्यावर याचा गोठा झाला, कोठार झालं. शार्लट बॉइड नावाच्या बाईने १८९६ मध्ये ते विकत घेतलं, आणि १९३४ पासून पुन्हा यात्रा भरू लागल्या. आत मेणबत्त्यांचा वास. मैत्रीण गुडघ्यावर बसली, खांदे हलत होते. कशासाठी ते मी विचारलं नाही. मला उगाच आजी आठवली, वाळवंटात बसून पायाला तेल चोळणारी.

शेवटचा मैल जुन्या रेल्वेमार्गाच्या वाटेने. गाड्या १९६४ मध्येच बंद झाल्या. मैत्रीण अनवाणी, मी मोजे घालून: धड अनवाणी नाही, धड जोड्यात नाही. खडी टोचत होती. ती आता माझ्याबरोबरीने चालत होती.

वॉल्सिंगहॅमला पोचलो. मठाची एकुलती कमान हिरवळीत उभी आहे.

मोजे धुऊन ठेवलेत. परत पाठवायचे तर त्या घराला नंबरच दिसला नव्हता.