जुनी लाइव्ह फेसबुकवरून उतरवताना

फेसबुकने लाइव्ह व्हिडिओ तीस दिवसांपुरतेच ठेवायला सुरुवात केली ती १९ फेब्रुवारी २०२५ पासून. म्हणजे नेमकी शिवजयंती. महाराष्ट्रात ब्रँडची पेजेस सांभाळणारं कुणीही त्या दिवशी असल्या बातम्या वाचत बसलेलं नसतं. आदल्या रात्री उशिरापर्यंत ‘शेठचा फोटो महाराजांच्या शेजारी नको, खाली कोपऱ्यात लहान घेऊ’ अशा वाटाघाटी चालतात, सकाळी पोस्ट, मग मिरवणुकीच्या स्टोऱ्या. मीही त्यातच होते. धुरळा खाली बसल्यावर नियम सावकाश वाचला.

नियम दोन भागांत होता. यापुढे जे लाइव्ह होईल ते तीस दिवस पेजवर दिसेल, मग आपोआप जाईल. आणि जे आधीच तीस दिवसांपेक्षा जुनं आहे, तेही टप्प्याटप्प्याने काढलं जाईल. काढण्याआधी ईमेलवर आणि अ‍ॅपमध्ये सूचना येईल; सूचना आल्यापासून ९० दिवसांत व्हिडिओ उतरवून (म्हणजे डाउनलोड करून) घ्या, नाहीतर गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवर पाठवा, नाहीतर त्यातले तुकडे रील करून ठेवा. तेवढ्यात उरकत नसेल तर आणखी सहा महिन्यांची मुदत मागता येते. कारणही दिलं होतं : लाइव्हचे बहुतेक व्ह्यूज पहिल्या काही आठवड्यांतच येतात.

मी नाशिकहून एकटीच काम करते. तेव्हा माझ्याकडे जुन्या लाइव्हचा मोठा साठा असलेली तीन पेजेस होती. येवल्याचं एक पैठणीचं दुकान, निफाडकडचं एक कृषी सेवा केंद्र आणि आमच्या भागातलं एक जुनं वाचनालय. वाचनालयाचं काम मी जवळजवळ फुकटच करते, त्याबद्दल घरात बोलणी खाते.

पैठणीचं काम सर्वांत सोपं निघालं. लॉकडाउनमध्ये दुकान बंद असताना शेठनी रोज दुपारी लाइव्ह सुरू केलं होतं आणि मग ते बंद झालंच नाही. मुलगी एकेक साडी उलगडून दाखवते, पदर उलटा करून आतली बाजू कॅमेऱ्याजवळ नेते, कारण हातमागाच्या अस्सल पैठणीत मागून मोकळे धागे लोंबत नाहीत आणि गिऱ्हाईक तेवढंच बघतं. खाली ‘१२ नंबर बुक’, ‘ताई मुनिया काठात दुसरा रंग आहे का’ अशा कमेंटी. शेठना विचारलं, तर म्हणाले, “मॅडम, जुन्या साड्या विकून झाल्या. जाऊ द्या सगळं.” त्यांचं बरोबर होतं. जुनी लाइव्ह उलट डोकेदुखीच होती. कुणीतरी २०२१ची साडी शोधून काढायचं आणि त्याच भावात मागायचं. फेसबुकने दिलेलं कारण या पेजला तंतोतंत लागू होतं.

एक लाइव्ह मात्र अडलं. साडीच्या बॉक्समध्ये शेठ एक कार्ड घालतात, ‘पैठणी कशी जपाल’. मलमलीत गुंडाळा, अधूनमधून घड्या बदला, जरीवर थेट अत्तर मारू नका. त्या कार्डावरचा क्यूआर कोड एका जुन्या लाइव्हवर जात होता. व्हिडिओ गेला की कार्ड मुकं. व्हिडिओ यूट्यूबवर चढवला, तर मागे दुकानात वाजणाऱ्या सिनेमाच्या गाण्यावर कॉपीराइटचा दावा आला. तो भाग यूट्यूब स्टुडिओत म्यूट केला, तर नेमकं अत्तराचं वाक्यच गेलं. शेवटी मुलीला पुन्हा उभं केलं, दुकानातलं गाणं बंद करायला लावलं आणि दोन मिनिटांत नवं शूट केलं. कार्डं मात्र परत छापावी लागली, आणि ती जुनी किती वाटली गेली याचा हिशेब कुणाकडेच नाही. आता क्यूआर कोड थेट व्हिडिओवर नेत नाही. दुकानाच्या वेबसाइटवरच्या एका पानावर नेतो. पान आपलं, आतला व्हिडिओ हवा तेव्हा बदलता येतो.

कृषी सेवा केंद्राचं सगळं उलट होतं. केंद्र चालवणारे भाऊ द्राक्षाच्या हंगामात एका सल्लागार सरांना बसवून लाइव्ह करतात. एप्रिलच्या खरड छाटणीवर, ऑक्टोबर छाटणीवर, डोळे फुटण्यासाठीची पेस्ट कधी लावायची यावर, पाऊस आल्यावर डाऊनी या बुरशीच्या रोगावर. मी इनसाइट्स, म्हणजे पेजची आकडेवारी, उघडून बघितल्या तर २०२१चं लाइव्ह दर ऑक्टोबरमध्ये पुन्हा वर येत होतं. छाटणी दरवर्षी होते, पोंगा अवस्थेत (नवे डोळे फुटताना) पाऊस दरवर्षी कुठे ना कुठे पडतो, आणि शेतकरी रात्री जेवून मोबाइलवर तेच शोधतो. ‘पहिले काही आठवडे’ हे सरासरीचं गणित आहे. माझं पेज त्या सरासरीत नव्हतं.

उतरवण्याची पद्धत तशी अवघड नाही. एकेक व्हिडिओ उघडून तीन टिंबांत जाऊन डाउनलोड करता येतो, किंवा पेजच्या अ‍ॅक्टिव्हिटी लॉगमध्ये लाइव्ह व्हिडिओ वेगळे काढून, तारखा टाकून, बरेच एकदम निवडता येतात. त्रास पुढे होतो. फाइलला नाव म्हणून लांबलचक आकडा असतो. शीर्षक नाही, तारीख नाही. डिस्कवर अशा पन्नास फाइली पडल्या की डाऊनीचं कुठलं आणि घड जिरण्याचं (कोवळा घड न वाढता नाहीसा होण्याचं) कुठलं हे प्रत्येक उघडून बघावं लागतं. म्हणून मी आधी शीट केली : तारीख, शीर्षक, बोलणारे कोण, लांबी, पहिल्या मिनिटात काय दिसतं. मग एकेक फाइल उतरली की लगेच नाव बदलायचं, वर्ष-महिना-दिवस आणि विषय. हे काम कुणाला देणार असाल तर डाउनलोडचे नव्हे, नाव बदलण्याचे पैसे लावा.

आणि कमेंट येत नाहीत. फाइल म्हणजे नुसता व्हिडिओ. प्रश्न, उत्तरं, कुणी किती बघितलं, सगळं पेजवर राहतं आणि पोस्टबरोबर जातं. सरांच्या लाइव्हमध्ये निम्मं मोल कमेंटींत होतं. ‘थॉमसन, छाटून १४ दिवस, काल रात्री पाऊस, आज सकाळी दव, काय मारू?’ असा प्रश्न, खाली सरांचं लिहून दिलेलं उत्तर, त्याखाली दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याचं ‘आमच्याकडे हे चाललं नाही’. तो शेवटचा माणूस सर्वांत महत्त्वाचा. फेसबुक कमेंट दाखवताना मुळात ‘सर्वात सुसंगत’ दाखवतं, तिथे ‘सर्व कमेंट’ निवडलं नाही तर अर्ध्या दिसतच नाहीत. ते निवडून, ‘आणखी पहा’ दाबत दाबत, महत्त्वाच्या लाइव्हच्या कमेंट मी शीटमध्ये उतरवल्या. भाऊंचा पुतण्या सोबत बसला. फोन नंबर काढून टाकले, नावाऐवजी गाव ठेवलं.

मग सर मध्ये पडले. त्यांनी यादी बघितली आणि निम्म्या व्हिडिओंवर काट मारली. निर्यातीच्या द्राक्षांत कुठलं औषध चालतं, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, ही यादी बदलत राहते. पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ती सुधारून देत असतं. २०२०च्या लाइव्हमध्ये सांगितलेलं औषध आज कुणी बघून मारलं आणि माल अवशेषांच्या तपासणीत अडकला तर? सर म्हणाले, “ताई, हे गेलेलंच बरं. छाटणीचं, काडी निवडीचं, मुळ्यांचं ठेवा. औषधांचं नको.” तेव्हा इतकी वर्षं हे सगळं पेजवर तारीख न बघता चाललं होतं, याचं मलाच दचकायला झालं. जे ठेवलं त्याच्या सुरुवातीला वर्षाची पाटी टाकून यूट्यूबवर चढवलं. यूट्यूबवर फोन नंबर पडताळल्याशिवाय पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ जात नाही. भाऊंचं चॅनल पडताळलेलं नव्हतं, ते आधी केलं.

वाचनालयाला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि तिथे व्हिडिओंचा प्रश्न नंतरचा होता. आधी पेजच हातात नव्हतं. २०२० साली व्याख्यानमाला ऑनलाइन घ्यायची ठरली तेव्हा अध्यक्ष काकांच्या नातवाने पेज काढलं. तो आता कॅनडात. पूर्ण नियंत्रण फक्त त्याच्याकडे, माझ्याकडे पोस्ट टाकण्यापुरता प्रवेश. नोटिशीचा ईमेल त्याच्या कॉलेजच्या जुन्या पत्त्यावर गेला होता, जो पत्ता आता चालत नाही. ९० दिवसांतले बरेच आधीच संपले होते.

समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी सुचवलं, नवीन पेज काढा, त्यात काय एवढं. त्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. जुनी व्याख्यानं जुन्या पेजवरच आहेत. आणि जून २०२४ पासून नव्या पेजवरून लगेच लाइव्हही होत नाही. खातं किंवा पेज ६० दिवस जुनं असावं लागतं आणि निदान १०० फॉलोअर लागतात. वसंत व्याख्यानमाला तोंडावर होती.

नातू बिचारा चांगला. त्याच्या रात्री, आमच्या सकाळी फोनवर बसला. पेजच्या सेटिंगमध्ये जाऊन मला पूर्ण नियंत्रण द्यायचं एवढंच काम, पण त्याला फेसबुकने पुन्हा पासवर्ड विचारला आणि मग कोड पाठवला. कोड गेला त्याच्या जुन्या भारतीय नंबरावर. ते सिम आजींच्या साध्या फोनमध्ये, बँकेच्या मेसेजसाठी रिचार्ज करून जिवंत ठेवलेलं. मग काकांच्या घरी मी, आजी आणि स्पीकरवर नातू. आजींना चष्मा सापडेना. सापडला तोवर कोडची वेळ संपली. दुसरा मागवला, तो आजींनी खणखणीत आवाजात वाचला, पण दोन शून्यांपैकी एकच. तिसरा आला. तेव्हा काका म्हणाले, “हा आकडा बँकेचा नाही ना? बँकवाले कुणाला सांगू नका म्हणतात.” त्यांचीही शंका रास्तच.

प्रवेश मिळाल्यावर पहिलं काम केलं ते मुदत वाढवून मागण्याचं. डाउनलोड नंतर. ज्यांच्याकडे असा घोळ असेल त्यांनी हाच क्रम ठेवावा. सहा महिने हातात आले की माणसं शांतपणे काम करतात.

ही व्याख्यानं कुणी बघत नाही. एकेका व्हिडिओला आकडा म्हणावा असा आकडा नाही, आणि त्यातलेही बरेच व्ह्यूज त्या रात्रीचेच. जाहिरातीच्या हिशेबाने पुसून टाकण्यालायक. पण मे २०२१, दुसरी लाट, सभागृहाला कुलूप, आणि वक्ते आपापल्या घरून पुस्तकांच्या कपाटापुढे बसून नाशिकच्या जुन्या वाड्यांवर, गोदेच्या पुरांवर, मोडी कागदपत्रांवर तासतास बोललेत. त्यातल्या एका वक्त्यांचं तेवढंच एक ध्वनिमुद्रण शिल्लक आहे. कमेंटींत बहुतेक ‘आवाज येत नाहीये’ आणि ‘सर, म्यूटवर आहात’. तरी मधूनच कुणीतरी ‘त्या वाड्यात माझं माहेर, विहीर मागच्या चौकात होती, पुढच्या नाही’ अशी दुरुस्ती करतं. अशा दुरुस्त्या सगळ्या उतरवून घेतल्या आणि ग्रंथपाल बाईंनी त्यांची प्रिंट काढून फाइल केली. ड्राइव्हवर थेट पाठवण्याची सोय मी वापरली नाही. फुकटचे १५ जीबी जीमेल आणि फोटोंसकट मिळून असतात, आणि ते भरले तर वाचनालयाची टपालच बंद पडायची. दोन हार्ड डिस्क घेतल्या, एक वाचनालयात, एक काकांकडे.

सगळंच वाचवता आलं असं नाही. एका व्याख्यात्यांनी पेजवरून न करता स्वतःच्या प्रोफाइलवरून लाइव्ह केलं होतं आणि आम्ही ते नुसतं शेअर केलं होतं. तिथे आमच्या हातात काहीच नव्हतं. त्यांच्या घरच्यांशी बोललो तोवर ते गेलेलं होतं.

त्याच हिवाळ्यात इन्स्टाग्रामची ग्रिड चौकोनीची उभी झाली आणि पैठणीच्या जुन्या कव्हरांचे काठ दोन्ही बाजूंनी कापले गेले. पुढे जूनमध्ये फेसबुकने यापुढचे सगळे व्हिडिओ रीलच होणार असं जाहीर केलं. त्यांचं फारसं काही वाटलं नाही. नवीन साइजची टेम्प्लेटं केली, झालं.

आता प्रत्येक लाइव्ह एकाच वेळी फेसबुक आणि यूट्यूबवर जातं. दुसऱ्या दिवशी फाइल उतरते, तिला नाव मिळतं. द्राक्षाच्या लाइव्हला पुतण्या शेजारी लॅपटॉप घेऊन प्रश्न तिथल्या तिथे शीटमध्ये टाकतो. त्यामुळे सरांना कुठला प्रश्न राहिला हेही लाइव्ह चालू असतानाच कळायला लागलं. करारात मी एक ओळ वाढवली : लाइव्हची मूळ फाइल सात दिवसांत क्लाएंटच्या ताब्यात, साठवण क्लाएंटची, नाव देण्याचे व नोंदीचे पैसे वेगळे. भाऊंनी न बोलता सही केली. पैठणीवाल्या शेठनी ती ओळ तीनदा वाचली आणि विचारलं, “मॅडम, आम्हाला जुनं ठेवायचंच नाही, मग याचे पैसे कशाला?” ती ओळ त्यांच्या करारातून काढली.