कानामागची खूण

सप्टेंबरचा शेवट, पाऊस उघडून चार दिवस झालेले. करवीर तालुक्यातले एक शेतकरी मामा मुलाचा हात धरून माझ्या दवाखान्यात आले. पापण्या सुजून डोळे जवळजवळ मिटलेले, कपाळाची आणि मानेची कातडी खाजवून खाजवून जाड, काळपट झालेली.

"मॅडम, उन्हानं झालंय म्हणत्यात सगळी. तीन वर्सं झाली मटन सोडलंय, वांगं सोडलंय. उन्हाळ्यात जरा बरं असतंय, पाऊस लागला की पुन्ना आग."

कोल्हापुरात राहून तीन वर्षं तांबडा-पांढरा नाही! कुणीतरी नीट न बघताच हे पथ्य सांगितलं होतं, त्याचं मला फार वाईट वाटलं.

मी त्यांचा कान पुढे दुमडला. मागे लाल, ओलसर पट्टा. हनुवटीखाली तसंच. उन्हाची ॲलर्जी या सावलीतल्या जागा सहसा सोडते. इथे त्याच जास्त पेटल्या होत्या. म्हणजे जे येत होतं ते हवेतून.

"बांधावर काँग्रेस गवत आहे?"

"आहे की," मुलगा म्हणाला. "बाबाच उपटत्यात. गोठ्यामागं ढीग लावून वाळवत्यात."

काँग्रेस गवत म्हणजेच गाजर गवत. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य पानांवरच्या लवेतून, परागातून, वाळलेल्या चुऱ्यातून अंगावर येतं आणि घामाबरोबर कातडीच्या घड्यांत बसतं. ॲलर्जीच्या शिंका लगेच येतात. हा त्रास मात्र दिवस-दोन दिवसांनी उठतो. म्हणून सोमवारी उपटलेल्या गवताचा राग बुधवारच्या जेवणावर निघतो.

औषधं दिली, पण जास्त वेळ बोलण्यात गेला. मामांच्या खांद्यावर टॉवेल होता. दिवसभर त्याच टॉवेलनं तोंड पुसायचं, म्हणजे झटकलेली धूळ पुन्हा पापण्यांवर. तो रोज धुवायला सांगितला. रानात जाताना चेहऱ्याला, मानेला व्हॅसलिनचा पातळ थर, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. घरी आल्यावर आधी कोमट पाण्यानं अंघोळ. घासायचा दगड नको, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. कपडे कुंपणावर वाळत घालायचे नाहीत. गवत फुलायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून काढायचं, मामांनी नाही. दुकानातून आणलेली खाजेची मिश्र ट्यूब मी ठेवून घेतली. त्यातल्या स्टेरॉइडनं गालाची कातडी पातळ झाली होती.

दोन आठवड्यांत डोळे उघडले. आणि दसऱ्यानंतर पुन्हा सूज! गवत तर घरच्यांनी काढलं होतं. बराच वेळ विचारल्यावर कळलं, खंडेनवमीला ट्रॅक्टरचे हार मामांनीच ओवले होते. शेवंतीचे. शेवंती गाजर गवताच्याच कुळातली, आणि एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसरी सोसेलच असं नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

त्वचा शांत झाल्यावर दिवाळीनंतर पॅच टेस्ट केली, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून ॲलर्जी पाहायची चाचणी. पाठीवरच्या पट्ट्या ४८ तासांनी काढल्या, चौथ्या दिवशी पुन्हा पाहिलं. गाजर गवताच्या चौकोनात लाल पुरळ, बारीक फोड. मुलानं फोटो काढून मामांना दाखवला.

मामांनी तो बराच वेळ पाहिला. "मग मटनाचा काय गुन्हा हुता?"

"काहीच नाही, मामा."